दाढीच्या आधी हनुवटी: चित्रकाराला समोर बसवून पेन्सिलीत उतरवताना

होमी भाभांनी रेखाटलेल्या माणसांत सी. व्ही. रामन आहेत, नील्स बोर आहेत आणि चित्रकार मकबूल फिदा हुसेनही आहेत. शास्त्रज्ञांचे चेहरे काढले यात नवल नाही, ऊठबस त्यांच्यातच होती. हुसेन यांचं रेखाचित्र मात्र वेगळ्या जातीचं काम. इथं समोर बसलेला माणूस स्वतः रेषेवर जगणारा आहे. काढणारा कॉस्मिक (अवकाशातून येणाऱ्या) किरणांच्या वर्षावाचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ खरा, पण चित्रकलेत नवशिका नाही. भाभा लहानपणी चित्रकार जहांगीर लालकाकांकडे चित्रकला शिकले होते. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत कुलाब्याला उभी राहत होती, तेव्हा खर्चाचा एक टक्का चित्र-शिल्पांसाठी वापरायची मुभा त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळवली. संस्थेच्या संग्रहात हुसेन, आरा, गायतोंडे या चित्रकारांची कामं आली ती त्यातून. हुसेन यांचं 'भारत भाग्य विधाता' हे सुमारे ४५ फूट लांबीचं भित्तिचित्र तिथंच आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की चित्रकार मित्राचा चेहरा काढताना शास्त्रज्ञाची एक सवय फार उपयोगी पडते: आधी मोजायचं, मग मानायचं. नावाजलेल्या चित्रकाराचा चेहरा आपण बघण्याआधीच आपल्याला 'माहीत' असतो. लांब दाढी, पाठीमागे गेलेले केस, हातातला ब्रश. हात तिथंच आधी धावतो आणि दाढी छान जमते, पण माणूस दुसराच होतो. साम्य असतं ते कवटीच्या अंतरांत. दाढी नंतर. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती आहे.

कागद आणि शिसं

अर्धा इम्पीरियल कागद घ्या, म्हणजे १५ बाय २२ इंच. कार्ट्रिज (चित्रकलेचा साधा जाड कागद) चालतो, पण १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खालचा नको, कारण खोडताना तो पोटातून उचकटतो. दाणा बारीक हवा. जलरंगाचा खडबडीत कागद चेहऱ्याला वाईट, डोळ्याच्या कोपऱ्यात रेषा तुटक पडते आणि ती दुरुस्त करायला जावं तितका चिखल होतो. कागदाखाली त्याच जातीचे आणखी दोन-तीन कागद ठेवा. थेट लाकडी बोर्डावर काढलं तर शिसं घसरतं आणि बोर्डावरचे ओरखडे शेडिंगमध्ये उमटतात.

पेन्सिली चार, कडकपासून मऊ-गडदपर्यंत: एचबी, २बी, ४बी, ६बी. एचबीनं मांडणी, २बीनं जवळजवळ सगळं काम, ४बी केसांत आणि मानेखालच्या सावलीत, ६बी फक्त शेवटच्या पाच-सहा ठिकाणी. टोक शार्पनरनं काढू नका. कटरनं लाकूड तासून शिसं दोन-अडीच सेंटीमीटर उघडं करा आणि बारीक पॉलिशपेपरवर फिरवून निमुळतं करा. अशा टोकाची कूस आडवी धरली तर रुंद मऊ छटा मिळते, उभी धरली तर केसाएवढी रेषा. एकाच हातात दोन अवजारं येतात, पेन्सिल बदलताना नजर तुटत नाही.

खोडायला मळता येणारा नीडेबल रबर घ्या. तो घासायचा नसतो, टेकवून उचलायचा असतो. कपाळावरचा उजेड किंवा नाकाच्या शेंड्याचा ठिपका याच रबरानं चिमटीत टोक करून 'काढता' येतो. पांढरा प्लॅस्टिकचा रबर फक्त कडा साफ करायला.

मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये हे काम करणार असाल तर कागद आदल्या दिवसापासून बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांबरोबर ठेवा. दमट कागद मऊ पडतो. शिशाचं टोक त्यात रुततं, खोडल्यावर चरा राहतो आणि शेडिंगला उठाव येत नाही. दोष हाताचा वाटतो, असतो हवेचा.

बसवणं

एकच उजेड हवा. उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली, कारण तिच्यातून ऊन सहसा थेट येत नाही आणि दोन तासांत सावली जागची हलत नाही. खिडकी बसणाऱ्याच्या एका बाजूला आणि डोक्याच्या थोडी वर असू द्या. खिडकी खाली येत असेल तर तिचा खालचा अर्धा भाग चादरीनं झाका. खोलीतली ट्यूब बंद करा. ती चालू राहिली की नाकाला दोन सावल्या पडतात, एक खिडकीची आणि एक ट्यूबची, आणि मग गालाचं हाड नेमकं कुठं वळतं ते कागदावर सांगताच येत नाही.

अंतर पावणेदोन ते दोन मीटर. याहून जवळ बसलात तर नाक फुगतं आणि कान मागं पळतात. याहून लांब गेलात तर पापणीची जाडी दिसत नाही. तुमचे डोळे आणि त्यांचे डोळे एकाच उंचीवर आणा, त्यासाठी खुर्चीखाली फळी घालावी लागली तरी घाला. बोर्ड मांडीवर आडवा ठेवायचा नाही, शक्य तितका उभा धरायचा. आडव्या बोर्डावर आपण वरचा भाग तिरक्या नजरेनं बघतो, त्यामुळे तो आखूड दिसतो आणि हात नकळत तो लांबवतो. उभं धरल्यावर कळतं की कपाळ दोन बोटं वाढलंय.

खुर्चीचे चारही पाय आणि बसणाऱ्याची पावलं जमिनीवर खडूनं किंवा मास्किंग टेपनं आखून घ्या. तुमची स्वतःची खुर्चीसुद्धा. वीस मिनिटं बसणं, पाच-सात मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या पुरतात. पाचव्या फेरीपर्यंत चेहरा थकतो, गाल उतरतात, आणि तुम्ही सकाळच्या माणसाच्या चेहऱ्यावर संध्याकाळचं तोंड बसवता.

आता चित्रकार बसणारा असला की काय होतं ते. तो तुमच्या हाताकडे बघतो. पेन्सिल कागदावर खाली आली की त्याची नजर खाली येते, हनुवटीही अर्धा इंच खाली येते. हे दर मिनिटाला होतं. त्याला सांगा, "माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरच्या टेपच्या तुकड्याकडे बघा", आणि तो तुकडा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आधीच लावून ठेवा. दुसरी गोष्ट, पहिल्या दोन फेऱ्यांत कागद दाखवू नका. तो कौतुकानं असो की काळजीनं, काहीतरी सुचवतोच, आणि मग तुम्ही त्याच्या सूचनेनं त्याचा चेहरा काढायला लागता.

चित्रकाराला पुतळ्यासारखं बसवण्यापेक्षा चांगला एक उपाय आहे. त्यालाही वही आणि पेन्सिल द्या, तो तुम्हाला काढू दे. मग त्याचं डोकं दोनच ठिकाणी असतं: वर, तुमच्याकडे बघताना, आणि खाली, वहीकडे बघताना. यातली खालची स्थिती निवडा. ती जास्त वेळ टिकते आणि चेहऱ्यावरचा बसल्याचा आव निघून जातो. डोकं वर गेलं की तुम्ही थांबायचं, खाली आलं की काढायचं. एक लक्षात ठेवा, डोकं खाली झुकलं की सगळी मापं बदलतात. टाळू जास्त दिसते, डोळ्यांची रेषा मध्याच्या बरीच खाली येते, आणि कान डोळ्यांच्या मानानं वर चढतात. झुकलेल्या डोक्याला सरळ डोक्याचे कान लावले की मान मोडल्यासारखी दिसते.

मोजणी

हात सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल नजरेला काटकोनात. हे प्रत्येक जण सांगतो. का, ते आकड्यात बघा. टाळूपासून हनुवटीपर्यंत डोकं साधारण २२ सेंटीमीटर धरू. ते १८० सेंटीमीटरवर आहे आणि पेन्सिल डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर. पेन्सिलीवर माप येईल ७.३ सेंटीमीटर. कोपर किंचित वाकलं आणि पेन्सिल ५५ सेंटीमीटरवर आली तर तेच डोकं ६.७ येतं. म्हणजे आठ टक्क्यांचा फरक. कागदावर १९ सेंटीमीटरचं डोकं काढत असाल तर दीड सेंटीमीटरहून जास्त चूक. दीड सेंटीमीटरमध्ये एक अख्खा ओठ मावतो.

कोपर ताठ असूनही अंगठ्याची जागा दोन मिलिमीटर चुकते, ती चुकणारच. त्यानं कागदावर पाच मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक मोठं माप तीनदा घ्या आणि तिन्ही जुळेपर्यंत रेषा ओढू नका. आणि लहान मापं पेन्सिलीनं घेऊच नका. नाकपुडीची रुंदी, ओठांची जाडी असल्या गोष्टींत मापाची चूक मापाएवढीच मोठी होते. पेन्सिलीनं मोजायचं ते फक्त मोठं: डोक्याची उंची, रुंदी, डोळ्यांची रेषा, नाकाचा तळ, हनुवटी. बाकी सगळं तिरक्या रेषांनी आणि ओळंब्यानं.

पेन्सिलीपेक्षा सायकलचा जुना स्पोक किंवा विणकामाची सुई मोजायला बरी, कारण ती बारीक आणि सरळ असते, मागचा चेहरा झाकत नाही. आणि ओळंबा खरोखरच घ्या, गवंडी वापरतात तसा: दोन फूट दोरा, खाली एक लोखंडी नट. तो डोळ्यासमोर धरून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सोडा. तो नाकपुडीच्या कडेवर पडतो, आत पडतो की बाहेर? पुढे ओठाच्या कोपऱ्याशी त्याचं काय नातं? कानाच्या पुढच्या कडेतून सोडलेला दोरा खांद्याला कुठं भेटतो? चार ओळंबे टाकले की चेहऱ्याचा जो कल मोजपट्टीला सापडला नव्हता तो कागदावर येतो.

डोकं कागदावर १८ ते २० सेंटीमीटर ठेवा, खऱ्यापेक्षा थोडं लहान. बरोबर खऱ्याएवढं काढलं तर ते मोठं वाटतं, कारण कागद हाताच्या अंतरावर असतो आणि माणूस दोन मीटरवर. चेहरा ज्या बाजूला वळलाय त्या बाजूला जास्त मोकळा कागद सोडा. डोक्याच्या वर पाच-सहा सेंटीमीटर पुरेत.

पहिल्या वीस मिनिटांत

एचबीनं, मनगट न टेकवता, सहा-सात सरळ रेषांत डोक्याचा बाहेरचा आकार बंद करा. वक्र रेषा नको. वक्र रेषेत आपण स्वतःची सवय काढतो, सरळ रेषेत कोन दिसतात आणि कोन तपासता येतात. मग कपाळाच्या मध्यातून नाकाच्या मुळावरून हनुवटीपर्यंत मधली रेषा, तिच्या कलासकट. जवळजवळ कुणाचंही डोकं ओळंब्यात नसतं, आणि हा दोन-चार अंशांचा कल हाच माणसाचा ढंग असतो.

डोळ्यांची रेषा. सरळ बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटीच्या जवळजवळ मध्यावर असतात. शिकणारे शंभरात नव्वद वेळा ते वर नेतात, कारण लक्ष नाक-डोळे-तोंडावर असतं आणि वरच्या कपाळात 'काही नाही' म्हणून ते आकसून जातं. टक्कल असलेल्या माणसात ही चूक सर्वांत वाईट दिसते, लांब केस असलेल्यात लपते. लपते म्हणून ती बरोबर ठरत नाही.

इथंच हनुवटीचा प्रश्न येतो. दाढी असली तर हनुवटी दिसत नाही, पण ती आहे. खालच्या ओठाखाली सावलीची एक खोबण दिसते, तिथून दाढी पुढं येते. माणूस बोलताना किंवा हसताना बघा, हाड कुठपर्यंत हलतं ते कळतं. कानाच्या पाळीखालून जबड्याचा कोपराही दाढीच्या केसांच्या दिशेवरून ओळखू येतो, कारण केस तिथं वळतात. हनुवटी आणि जबडा हलक्या रेषेनं आधी मांडा. मगच दाढी. हे केलं नाही तर दाढी गळ्यात अडकवलेल्या कापसासारखी लोंबते आणि चेहरा तीन बोटं लांबतो.

वीस मिनिटं संपताना कागदावर नाक, डोळे, ओठ काहीच नसावं. नुसता आकार, कल, तीन आडव्या रेषा, जबडा. हे रिकामं वाटतं म्हणून अस्वस्थ होऊ नका.

सावलीची एक अखंड चादर

दुसऱ्या फेरीत डोळे किलकिले करा. चेहरा दोनच भागांत दिसेल: उजेडातला आणि सावलीतला. सावलीतला सगळा भाग २बीच्या कुशीनं एकाच सपाट, मध्यम छटेत भरा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालचा भाग आणि मान हे सगळं एकमेकांत मिसळलेलं, एका चादरीसारखं. रेषा एकाच दिशेनं. बोटानं घासायचं नाही. बोटाचं तेल कागदात गेलं की त्यावर दुसरा थर बसत नाही, डाग मात्र वर येतो. तळहाताखाली बटरपेपरचा तुकडा ठेवा.

साम्य याच फेरीत येतं किंवा येत नाही. पाच फूट लांब जाऊन बघा. डोळे-नाक नसतानाही तोच माणूस वाटत असेल तर पुढं जा. वाटत नसेल तर पुढची कुठलीही पापणी ते दुरुस्त करणार नाही, मापांकडे परत या. बहुतेक वेळा दोष तीनांपैकी एक असतो: नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतचं अंतर, डोळ्यांतलं अंतर, किंवा डोक्याची मागची खोली. ही शेवटची फार जण विसरतात. थ्री-फोर्थ, म्हणजे थोड्या बाजूला वळलेल्या, चेहऱ्यात कानाच्या मागं बरंच डोकं शिल्लक असतं. ते कापलं गेलं की माणूस मुखवटा घातल्यासारखा दिसतो.

डोळे, ओठ, कान

डोळ्यासाठी आधी गोळा समजा, मग त्यावर दोन झाकणं. वरच्या पापणीची रेषा जाड आणि गडद, कारण तिची सावली बुबुळावर पडते. खालच्या पापणीला रेषा नाहीच, तिथं एक अरुंद उजळ काठ असतो, त्याच्या खाली थोडी सावली. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला ठेवा. पूर्ण गोल दाखवलं की माणूस दचकल्यासारखा होतो. डोळ्याचा पांढरा भाग कोऱ्या कागदाएवढा पांढरा कधीच नसतो, त्यावर हलकी छटा द्या. कोरा कागद ठेवायचा तो फक्त चमकेच्या एका ठिपक्याला, आणि दोन्ही डोळ्यांत तो खिडकीच्या बाजूलाच. पापणीचे केस मोजून काढू नका.

बसणारा सरळ तुमच्याकडे बघतोय असं हवं असेल तर त्याला तुमच्या कपाळाकडे बघायला सांगा. तुम्ही निम्मा वेळ कागदाकडे बघता, तेव्हा त्याची नजर तुमच्या डोळ्यांच्या मागं मागं फिरते. कपाळ जागेवर राहतं.

ओठांची बाह्यरेषा काढू नका, ती लिपस्टिक होते. दोन ओठांमधली फट हीच खरी रेषा. ती कोपऱ्यांत आणि मध्याच्या टेकाडाखाली गडद असते, मधल्या दोन ठिकाणी जवळपास पुसट. वरून उजेड असेल तर वरचा ओठ सावलीत, खालचा उजेडात, त्याखाली पुन्हा सावली. तोंड दुसऱ्या फेरीच्या अखेरीस काढा, गप्पा चालू असताना. शांत बसवलेल्या माणसाचे ओठ आवळले जातात आणि तो रागावलेला दिसतो.

कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या तळापर्यंत, डोकं सरळ असेल तर. बाहेरचा आकार बरोबर आला की आतल्या वळ्या दोन-तीन रेषांत भागतात.

दाढी, केस, चष्मा

दाढी हा एक घन आकार आहे, केसांचा ढीग नव्हे. तिला उजेडाची बाजू आहे, सावलीची बाजू आहे, खालची कूस आहे. आधी हे तीन भाग सपाट छटेत भरा, ४बीची कूस वापरून. केस दिसतील ते फक्त तीन ठिकाणी: कडेवर, उजेड-सावली भेटते तिथं, आणि ओठांखाली जिथं दाढी सुरू होते. सगळीकडे केस काढले की झाडू होतो.

पांढरी दाढी पांढऱ्या कागदावर काढायची असेल तर दाढीला हातच लावू नका. मागचा गळा, सदऱ्याची कॉलर, खांद्यामागची भिंत गडद करा, दाढी आपोआप उजळते. मग सावलीच्या बाजूला एचबीनं पाच-सात लांब लाटा पुरतात. नीडेबल रबराला धार काढून गडद भागात दोन-तीन केस उचला, जास्त नाही.

चष्म्याची जागा पहिल्या फेरीतच, नाकावरचा पूल कुठं टेकतो ते मोजून ठेवा, पण फ्रेम शेवटी काढा. लांबचं न दिसणाऱ्या माणसाच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. काचेच्या बाहेरची गालाची रेषा आणि आतली रेषा जुळत नाही. ती तुटकच काढा. जुळवलीत तर चष्मा नुसत्या तारेचा दिसतो, काच नसल्यासारखा. फ्रेमची रेषा सगळीकडे सारखी गडद नको, उजेडाच्या बाजूला ती दोन-तीन ठिकाणी सोडून द्या.

हातात ब्रश किंवा पॅलेट द्यायचा मोह आवरा. चित्रकार आहे हे सांगायची गरज त्याच्या डोळ्यांना नसते. आणि त्याच्या शैलीत त्याला काढू नका. हुसेन यांच्यासारखी जाड, एका फटक्यातली रेषा हुसेन यांच्याच चेहऱ्यावर वापरली तर ती नक्कल होते. तुमचं बघणं त्यात राहत नाही.

तपासणी आणि थांबणं

आरशात चित्र बघा. डोळा ज्या चुकीला सरावलाय ती उलट्या प्रतिमेत लगेच टोचते. मग कागद उलटा करून बघा, डोकं खाली. मोबाइलवर फोटो काढून तुलना करणार असाल तर तुमच्याच जागेवरून, तुमच्याच डोळ्यांच्या उंचीवरून, दुप्पट झूम करून काढा. पुढं जाऊन साध्या लेन्सनं काढलेला फोटो नाक मोठं आणि कान लहान दाखवतो. त्याच्यावरून बरोबर चित्र चुकीचं करून बसाल.

६बी आता हातात घ्या. ती कुठं वापरायची ते आधी ठरवा: दोन्ही बुबुळं, नाकपुड्या, ओठांच्या फटीचे कोपरे, कानामागचा खळगा, कॉलरखालची सावली. एवढंच. सावलीच्या चादरीत सगळीकडे ६बी फिरवली तर चेहऱ्यात भोकं पडल्यासारखी दिसतात. खांदे, सदरा, खुर्ची रेषेत सोडून द्या. चेहऱ्याइतकंच काम सदऱ्यावर केलं की बघणारा सदऱ्यात अडकतो.

थांबायची खूण: सलग पाच मिनिटं तुम्ही बसणाऱ्याकडे न बघता फक्त कागदावर काम करत असाल, तर चित्र संपलेलं आहे. त्यापुढचं सगळं तुम्ही स्वतःकडून भरताय.

जपणूक

फिक्सेटिव्ह (शिसं कागदावर पक्कं करणारा फवारा) मारायचं असेल तर कागद उभा धरून ३० सेंटीमीटरवरून, हलके दोन थर, मध्ये दहा मिनिटं. जवळून मारलं की थेंब पडतात आणि शिसं वाहतं. खोलीची खिडकी उघडी ठेवा. एचबी-२बीच्या कामाला फिक्सेटिव्ह नसलं तरी चालतं. ६बी असेल तर लागतंच.

मागच्या बाजूला, कोपऱ्यात, हलक्या पेन्सिलीनं बसणाऱ्याचं नाव, तारीख, जागा लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पुढं फुटते. बसणाऱ्याची सही हवी असेल तर तीही पेन्सिलीतच, पुढच्या बाजूला तळाशी.

ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीचं शिसं, उजेडानं उडत नाही. पिवळा पडतो तो कागद, आणि त्याच्यामागं लावलेला साधा पुठ्ठा त्याला आणखी लवकर पिवळा करतो. म्हणून माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा बोर्ड दोन्ही अ‍ॅसिडफ्री, म्हणजे आम्ल नसलेले, घ्या. चित्र सेलोटेपनं किंवा फेव्हिकॉलनं चिकटवू नका. गव्हाच्या स्टार्चची खळ करा, एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी, शिजवून गाळून घेतलेली. तिनं जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन लहान पट्ट्या फक्त वरच्या कडेला लावा. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद पावसाळ्यात फुगतो आणि त्याला लाटा येतात. वरून टांगलेला कागद मोकळेपणी वाढतो-आकसतो. काच चित्राला टेकता कामा नये. माउंटच्या जाडीमुळे मध्ये तीन-चार मिलिमीटर पोकळी राहिली की दमट हवेत शिसं काचेला चिकटत नाही.

फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसात ती ओलावते. आतल्या भिंतीवर, खिडकीच्या समोर नाही, आणि मागच्या चार कोपऱ्यांवर पाच-सहा मिलिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे, म्हणजे मागून हवा खेळेल. चित्रावरचा उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास पुरतो. दर वर्षी पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये फ्रेम उतरवून मागची बाजू बघा: तपकिरी ठिपके म्हणजे बहुधा बुरशी, कडांना खरवडल्यासारखं असेल तर कसर. ठिपके पुसायला जाऊ नका, ते कागदाच्या आत असतात. चित्र फ्रेममधून काढून कोरड्या खोलीत सपाट ठेवा आणि कागदावरच्या चित्रांचं काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा.